पेठेतल्या मार्कंडेय मंदिराचा इतिहास: कागद कुठून काढायचे?

पेठकर: कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत पद्मशाली या विणकर समाजाचं लहानसं मार्कंडेय मंदिर आहे. देखभाल घरी तेलुगू बोलणाऱ्या मोजक्या कुटुंबांकडे. नारळी पौर्णिमेला इतिहासाची पुस्तिका काढायची आहे. दाराच्या चौकटीवर ‘फाल्गुन शुद्ध ३ शके १८३’ एवढं वाचता येतं, शेवटचा आकडा ऑइलपेंटखाली बुजलाय. कुणी ६ म्हणतं, कुणी ९. घंटेवर तेलुगू अक्षरं आहेत, पण ती वाचणारं आता कुणी नाही. आणि ‘जागा शाहू महाराजांनी दिली’ हे तर सगळ्यांच्या तोंडी. यातलं काय छापावं?

शिळाप्रेस: आधी चौकटीचं बघा. तारेचा ब्रश, आम्ल, ग्राइंडर यातलं काहीही लावू नका. रंगाबरोबर अक्षराची कडही जाते आणि मग ६ काय नि ९ काय. रात्री दिवे घालवून कॅमेरा स्टँडवर लावा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारलात तर खोदकाम सपाट दिसतं, तोच फोटो घेऊन लोक भांडत बसतात.

ओळीत पुढे संवत्सराचं नाव असेल तर काम सोपं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, उरलेली बाकी म्हणजे साठ संवत्सरांच्या यादीत पहिल्या प्रभवपासून मोजलेला क्रमांक. १८३६ ला बाकी ४८ येते, म्हणजे आनंद. १८३९ ला ५१, म्हणजे पिंगल. ‘आनंदनाम’ एवढी अक्षरं लागली की आकडा न दिसताही वाद मिटला.

आणखी एक. शकात सरसकट ७८ मिळवू नका. शक चैत्रात सुरू होतो, फाल्गुन त्याच्या शेवटी येतो, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. शके १८३६ चा फाल्गुन म्हणजे १९१५, १९१४ नव्हे. शताब्द्या एक वर्ष आधी साजऱ्या होतात त्या अशाच.

पेठकर: नाव आहे, पण अर्धं रंगात. आज रात्री बघतो. घंटेचं काय?

शिळाप्रेस: तेलुगू पंचांगातही शालिवाहन शक आणि हीच संवत्सरं, महिनेही आपल्यासारखेच अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे. त्यामुळे हाच हिशोब तिथे चालतो. घंटा घासून चकचकीत करायच्या आधी अक्षरांवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. तो ठसा सोलापुरात तेलुगू वाचणाऱ्या कुणालाही दाखवता येईल. मात्र घंटेवरचं साल हे घंटेचं. ती मंदिरानंतर वीस वर्षांनीही आलेली असू शकते. चौकटीलाही हाच न्याय. ओळीत ‘जीर्णोद्धार’ शब्द असेल तर मूळ मंदिर त्याहून जुनं.

रुमालवाला: कागदांचा क्रम सांगतो. पहिला धर्मादाय कार्यालय. न्यास नोंदलेला असेल तर ‘ए’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळेल, हिंदू न्यासांची ती मालिका. बहुतेक जण परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा घेऊन परततात. त्याने भागत नाही. नोंदणीच्या वेळी कलम १९ खाली चौकशी होते, त्या फाइलची नक्कल मागा. मूळ अर्ज, पंचांचे जबाब, मिळकतीचा तपशील तिथे असतो. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्यानंतर लगेच नोंदणी झाली असेल, तर जबाब देणाऱ्यांनी मंदिर उभं राहताना डोळ्यांनी पाहिलेलं असण्याची शक्यता आहे. तेवढा जवळचा साक्षीदार पुन्हा मिळायचा नाही. नोंदणीची तारीख मात्र स्थापनेची म्हणून छापू नका.

दुसरा नगर भूमापन कार्यालय. मिळकत पत्रिकेवर मूळ धारक आणि पुढचे फेरफार दिसतात. त्याच सिटी सर्व्हे नंबरची चौकशी नोंदवहीही मागा. जागा कुणाकडून, कशी आली याचा धागा तिथेच लागतो. धारक म्हणून एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर दचकू नका. समाजाची जागा पंचाच्या नावावर असणं नवलाचं नाही, पण पुस्तिकेत ‘देणगीदार’ लिहिण्याआधी खरेदीखत आहे का बघा.

शाहू महाराजांचं म्हणाल तर राज्यकाळ १८९४ ते १९२२, म्हणजे १९१५ त्यात बसतं. त्यांनी अनेक समाजांच्या वसतिगृहांना हात दिला, म्हणून कोल्हापुरात प्रत्येकाला वाटतं आपली जागाही त्यांचीच. काळ जुळला म्हणजे दान सिद्ध झालं असं नाही. हुकूम किंवा सनद लागते. ती शोधायची कोल्हापूरच्या पुरालेखागारात, संस्थानच्या दप्तरात. मोडी वाचणारा सोबत न्या आणि पेठ, साल, खातं नक्की करून अर्ज द्या. ‘मंदिराबद्दल सगळं’ असं मागितलंत तर रुमालांचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचा, ढीग बघूनच परत याल.

शिळाप्रेस: त्यात एक मोठी फसगत आहे. ‘पद्मशाली’ म्हणून नोंद असेलच असं नाही, कारकून ‘साळी’ किंवा ‘तेलंगी’ लिहून मोकळा झालेला असू शकतो. तिन्ही नावांखाली शोधा. पण ‘साळी’ दिसलं की लगेच आपलंही म्हणू नका, स्वकुळ साळी हा वेगळा मराठी विणकर समाज आहे. नोंदीत मार्कंडेय किंवा भावनाऋषी आलं तर पद्मशाली, जिव्हेश्वर आलं तर साळी.

पेठकर: टॉर्च लावून बघितलं. ‘आनं’ आणि पुढे ‘द’ची खोबण स्पष्ट आली. उजवीकडून धरल्यावरच दिसली, बाकी तीन फोटोंत काही नाही. सोमवारी धर्मादाय कार्यालयात नक्कलेचा अर्ज देतोय.

रुमालवाला: अर्जावर नोंदणी क्रमांक घाला, नुसत्या मंदिराच्या नावावर फाइल सापडायला महिना जाईल.