होडीवरच्या दोन बॅटऱ्या : सकाळी सेल्फच्या बॅटरीत जोरच उरत नाही

प्रश्न : धडगाव

सर्व जाणकारांना नमस्कार. सरदार सरोवराच्या फुगवट्यात, अक्राणी तालुक्यातील काठच्या पाड्यांदरम्यान माझी प्रवासी होडी चालते. बाजारहाट तिच्यावर होतोच, पण अपरात्री आजारी माणसाला पलीकडे न्यायचे झाले तरी हीच होडी काढावी लागते. त्यामुळे पहिल्या सेल्फला इंजिन लागणे ही आमच्याकडे सोयीची नव्हे, गरजेची गोष्ट आहे.

होडीला डिझेल इंजिन व बॅटरी चार्ज करणारा 35 अँपिअरचा अल्टरनेटर आहे. 12 व्होल्टची एक बॅटरी केवळ सेल्फसाठी ठेवली आहे. दुसरीवर दिवे, सर्चलाइट, तळातले पाणी उपसणारा पंप आणि प्रवाशांचे मोबाइल चार्जिंग चालते. दोन्हींच्या पॉझिटिव्हमध्ये 40 अँपिअरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवला असून चावी फिरवली की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि चावी काढली की त्या वेगळ्या व्हाव्यात, अशी योजना आहे. रात्रभर दिवा आणि पंप चालला तरी सेल्फची बॅटरी शाबूत राहील, या अपेक्षेने हे केले होते.

प्रत्यक्षात सकाळी सेल्फ नुसता ‘कट कट’ करतो आणि हँडल मारावे लागते. सेल्फची बॅटरी नवी घेतली. पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा तेच सुरू झाले. आता दुकानदार दोन्ही बॅटऱ्या बदलण्यास सांगत आहेत. सकाळी सर्व बंद असताना मीटरवर सेल्फची बॅटरी 12.1 आणि दुसरीही 12.1 दाखवते. इंजिन चालू असताना पहिलीवर 14.2, तर दुसरीवर 13.1 मिळतात. दोष कुठे शोधावा?

उत्तर : भुसावळ

दादा, कृपया आताच बॅटरीवर पैसे घालू नका. ऑटो इलेक्ट्रिकचे काम करताना हतनूरच्या जलाशयातील काही होड्यांचे वायरिंगही मी केले आहे, त्या अनुभवावरून लिहीत आहे. आपण दिलेल्या आकड्यांत सर्वांत बोलके आहेत ते सकाळचे दोन 12.1. एक बॅटरी नवी, दुसरी जुनी. एकीवर रात्रभर भार, दुसरीवर काहीच नाही. अशा दोन बॅटऱ्या सकाळी दशांशापर्यंत सारख्या उतरत असतील, तर त्या रात्रभर एकमेकींना जोडलेल्याच आहेत. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना 12.6 ते 12.7 दाखवते; 12.1 म्हणजे ती निम्म्याहून खाली गेली आहे.

माझा संशय रिलेवर आहे, आणि त्याचे कारण आपल्या योजनेतच आहे. चावी फिरवताच रिले जोडला जातो, म्हणजे सेल्फ मारताना तो आधीच जोडलेला असतो. डिझेल इंजिनाचा सेल्फ 200 अँपिअर किंवा त्याहूनही अधिक ओढतो. त्या क्षणी पहिल्या बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो आणि दुसरी बॅटरी रिलेमधून मदतीला धावते. हा प्रवाह 40 अँपिअरच्या रिलेला झेपत नाही. त्याच्या आतले कॉन्टॅक्ट तापून एकमेकांना चिकटतात आणि मग चावी काढली तरी सुटत नाहीत.

खात्री अशी करावी : चावी काढून घ्या, सर्चलाइट लावा आणि मीटर सेल्फच्या बॅटरीवर धरा. व्होल्टेज जागेवर राहिला तर माझे म्हणणे चूक. दिव्याबरोबर तोही उतरू लागला तर रिले चिकटला आहे. रिले काढण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह वायर आधी सोडवा. चार्जिंगनंतर बॅटरीच्या पेटीत हायड्रोजन साचलेला असू शकतो, तेथे पान्याची ठिणगी पडता कामा नये.

उत्तर : शहादा

भुसावळच्या भाऊंचे निदान पटते, परंतु त्याने 13.1 चा उलगडा होत नाही. रिले चिकटलेला असेल तर इंजिन चालू असताना दोन्हीकडे जवळपास सारखाच व्होल्टेज यायला हवा. 1.1 व्होल्ट वाटेत कुठेतरी जिरत आहेत, म्हणजे जोडवायर बारीक आहे किंवा एखादा लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) गंजला आहे. इंजिन चालू ठेवून मीटरची एक तार पहिल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी पुढच्या प्रत्येक जोडावर धरत जा. आकडा जेथे एकदम उडी घेईल तेथे दोष आहे. निगेटिव्हच्या बाजूनेही हेच करा, कारण ती बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत.

हा दोष किरकोळ समजू नये. 13.1 वर शिशाची बॅटरी कधीच पुरती भरत नाही, आणि अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जाते. त्यात आपल्या खानदेशातील उन्हाळ्याने पाणी लवकर आटते. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधल्या आम्लाची घनता तपासा. सेलांमध्ये 0.050 पेक्षा जास्त फरक निघाला तर ती बॅटरी गेली असे समजा, अन्यथा ठेवा.

प्रश्नकर्ता : धडगाव

आपण दोघांनीही वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. सर्चलाइट लावताच सेल्फच्या बॅटरीचा आकडा 12.5 वरून हळूहळू उतरू लागला. रिले काढून त्याचे झाकण उघडले. दोन्ही कॉन्टॅक्ट काळे पडले होते आणि मध्ये मोहरीएवढा तांब्याचा मणी वितळून बसला होता. स्क्रूड्रायव्हरने रेटल्यावर ‘टक’ असा आवाज होऊन ते सुटले. 1.1 व्होल्टांपैकी बराचसा भाग दुसऱ्या बॅटरीच्या निगेटिव्ह लगवर सापडला. वरून लग चांगला दिसत होता, पण रबरी टोपी मागे सारली तेव्हा आत हिरवी भुकटी होती आणि वायरच्या निम्म्या तारा हाताला तुटून आल्या. आता रिले तसाच मोठा घ्यावा, की जोडणीच बदलावी?

उत्तर : भुसावळ

जोडणी बदला. नुसता मोठा रिले घेतला तरी सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच राहतील. व्होल्टेज ओळखून चालणारा रिले घ्या, त्याला व्हीएसआर म्हणतात. सेल्फची बॅटरी साधारण 13.3 च्या वर गेली की तो जोडतो आणि 12.8 च्या आसपास सोडतो. म्हणजे इंजिन लागून अल्टरनेटर चार्ज करू लागल्यावरच दुसरी बॅटरी जोडली जाते. क्षमता 100 अँपिअरच्या वरची असावी. जोडवायर 16 चौरस मिलिमीटरची, कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या आणि तिच्या दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, फ्यूज बसवा. दोन्ही टोकांना बॅटरी असल्यामुळे एकच फ्यूज पुरत नाही.

अडीअडचणीला दोन्ही बॅटऱ्या हाताने जोडण्यासाठी जाड स्विच वेगळा ठेवावा, मात्र त्याची वायर आणि फ्यूज सेल्फचा प्रवाह झेलणारे हवेत. बॅटऱ्या तोडणारा मुख्य स्विच इंजिन चालू असताना कधीही बंद करू नये. अल्टरनेटरचे डायोड एका झटक्यात जातात. पाणी उपसणारा पंप मात्र मुख्य स्विचच्या आधी, स्वतंत्र फ्यूज देऊन थेट दुसऱ्या बॅटरीवर ठेवा. माणूस जवळ नसताना होडी तरती ठेवणारा तोच आहे.

प्रश्नकर्ता : धडगाव

आपण सांगितले त्याप्रमाणे जोडणी केली. जुन्या बॅटरीचा एक सेल 1.150 वर अडकला होता, तेवढी एकच बॅटरी बदलावी लागली. इंजिन चालू असताना आता दुसरीवर 14.0 येतात. काल रात्रभर दिवा लावून ठेवला. पहाटे दुसरी 12.3 वर होती, सेल्फची 12.6 वर, आणि इंजिन पहिल्या सेल्फला लागले.