फायनल खेळूनही अल्काराझचे ७०० गुण गेले कसे? आईला पटवायचंय

पौडफाटा:
आई गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाली आणि मालिका सोडून टेनिसच्या नादी लागली. ऑस्ट्रेलियन ओपन असली की पहाटे साडेपाचला चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर. विम्बल्डन त्या मानानं सोयीचं, सेंटर कोर्ट आपल्याकडे संध्याकाळी सहाला सुरू होतं. कुकरच्या शिट्ट्या आणि टायब्रेक एकदमच.

ती वही ठेवते. डावीकडे स्पर्धा, उजवीकडे गुण, खाली लाल पेनानं बेरीज. २०२५च्या विम्बल्डनला गाडी अडली. अल्काराझ फायनलला सिनरकडून हरला, उपविजेत्याचे १३०० तिनं मांडले. सोमवारी जागतिक क्रमवारीची यादी बघते तर खात्यात उलट ७०० कमी! "जमा करूनही शिल्लक कमी? चार्ज कसला लावला?" मागच्या वर्षीचे जातात म्हटलं, तर म्हणे का जातील, त्यानं कमावलेत ना.

शिवाय सिनर फेब्रुवारी ते मे बंदीमुळे घरी होता, तरी परतला तेव्हा पहिलाच. हे कसं? नेटवरची व्याख्या चिकटवू नका, सगळ्या वाचून दाखवल्यात.

जुना बालेवाडीकर:
काकूंना सांगा, प्रत्येक स्पर्धा म्हणजे ५२ आठवड्यांची ठेव. मुदत संपली की ती रक्कम बाद, त्याच सुमारास त्याच स्पर्धेची नवी ठेव. अल्काराझ २०२४चा विजेता, म्हणजे २००० गेले, १३०० आले. सिनर तेव्हा क्वार्टर फायनलला हरला होता. त्याचे ४०० गेले आणि २००० आले. एकाच मॅचनंतर एकाला ७००चा तोटा, दुसऱ्याला १६००चा फायदा.

आपल्या घरचं उदाहरण घ्या. २०१८ला पुण्यात बालेवाडी स्टेडियमवरच्या स्पर्धेत केव्हिन अँडरसन फायनलला जिल सिमॉनकडून हरला, उपविजेत्याचे १५० मिळाले. २०१९ला तो जिंकला, २५०. प्रत्यक्ष वाढ किती? १००. ती फायनल मी स्टँडमध्ये बसून पाहिलीय. समोर इव्हो कार्लोविच, वय ३९, उंची जवळजवळ सात फूट. तिन्ही सेट टायब्रेकला. रॅली अशी फारशी नव्हतीच, सर्व्हिस पडायची आणि पुढचा पॉइंट. शेजारचे आजोबा म्हणाले, "हे टेनिस नाही, फटाक्यांची माळ आहे." पण शेवटचा टायब्रेक ७-५ झाला तेव्हा तेच खुर्चीवर उभे!

२०२४पासून वेळापत्रकातली त्या स्पर्धेची जागा हाँगकाँगला गेली. आपल्याकडे आता चॅलेंजर, म्हणजे एक पायरी खालची स्पर्धा, होते. असो, त्यावर बोलायला लागलो तर जेवण राहील.

रात्रपाळी:
सिनरचं मी सांगतो. गुण त्याचेही गेले. २०२४ला जिंकलेली मायामीची स्पर्धा २०२५ला खेळताच आली नाही, अख्खे १००० साफ. पण आधीच्या वर्षी आठ विजेतेपदं असल्यानं साठा मोठा होता, आणि मागच्यांनी संधी घालवली. अल्काराझ मायामीत पहिल्याच मॅचला गोफँकडून हरला. झ्वेरेव्ह इंडियन वेल्सला पहिल्याच मॅचला टॅलन ग्रीक्सपोरकडून. ग्रीक्सपोर कोण? २०२३चा आपला पुण्याचा विजेता, कारकिर्दीतलं पहिलं एटीपी (पुरुषांच्या मुख्य टेनिस मालिकेतलं) विजेतेपद बालेवाडीतलं. म्हणजे सिनरची खुर्ची टिकवायला बालेवाडीचाही थोडा हातभार. (इंडियन वेल्स आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होते. काकूंना इतक्यात सांगू नका.)

आणि त्या चॅलेंजरला नाक मुरडू नका. २०२४ला तिथं व्हाशेरो जिंकला, १०० गुण. ऑक्टोबर २०२५ला तोच मोनॅकोचा गडी जगात २०४वा असताना पात्रता फेरीतून शिरून शांघाय मास्टर्स जिंकला, वाटेत जोकोविचला हरवून. एका झटक्यात ४०वा! पुण्याचे १०० तोवर केव्हाच बाद झाले होते.

डेक्कन_कोर्ट३:
दुहेरीची वेगळी यादी असते, वहीत वेगळं पान लागेल. आपला अर्जुन कढे २०२४ला रित्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीला जिंकला, त्याचे २५० तिकडे मांडा.

पौडफाटा:
सगळ्यांना धन्यवाद. ठेवीचं उदाहरण सपशेल आपटलं. "मुदत संपल्यावर मुद्दल गिळणारी बँक कुठली? नाव सांग." पस्तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईपुढे मी काय बोलणार.

मग अँडरसनचे १५० आणि २५० वहीत लिहून दाखवले. बराच वेळ बघत बसली. नंतर म्हणाली, "म्हणजे लोणच्याची बरणी. बरणी एकच. यंदाची कैरी घालायची तर गेल्या वर्षीचं काढायलाच हवं. यंदा कैरी कमी मिळाली तर बरणी अर्धीच राहणार." आता उजवीकडे दोन रकाने पाडलेत, 'काढलं' आणि 'घातलं'. सिनरच्या मायामीसमोर फक्त 'काढलं'.

व्हाशेरोचं वाचून दाखवल्यावर मात्र वेगळंच निघालं. पुढच्या चॅलेंजरला जायचंय म्हणते. बालेवाडीकर, दुपारी सावली कुठल्या स्टँडला असते? आणि डबा आत नेऊ देतात का?