वडिलांचा कारखाना विकायचा आहे, त्याआधी वेबसाइट कशी सुधारावी?

शिरोलीची_लेक

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. बाबांनी १९९१ साली दोन लेथवर सुरू केलं. आज ९ सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणारी कापकामाची यंत्रं) आणि ३४ माणसं आहेत. पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशीनिंग करतो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. बाबा ६९ वर्षांचे झाले. मी पुण्यात शाळेत शिकवते, भाऊ कॅनडात. आम्हा दोघांनाही हे चालवणं जमणार नाही, म्हणून वर्ष-दीड वर्षात चालता धंदा चांगल्या हातात द्यायचं ठरलंय. माणसांची कामं टिकली पाहिजेत ही बाबांची पहिली अट.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीची दोन माणसं शॉप बघून गेली. काम आवडलं त्यांना. पण निघताना एकजण म्हणाला, "वेबसाइट बघून आम्हाला वाटलं होतं की बंद पडलंय." फार लागलं ते. साइट २०१३ ची आहे. पहिल्या पानावर बाबांचा संदेश, त्यांचा मोबाइल नंबर, जीमेलचा पत्ता आणि आयएसओ ९००१:२००८ चं (दर्जा-व्यवस्थेचं) सर्टिफिकेट. एका एजन्सीने नव्या साइटचे अडीच लाख सांगितलेत. एवढे घालावेत का? "कंपनी विकणे आहे" असं साइटवर लिहावं का?

कागलकर

लिहायला काय हरकत आहे? कंपनी घेणाऱ्याला कळणार कसं? एक पान करा, किंमत टाका, खाली नंबर द्या.

माजी_कारखानदार

कागलकर, माफ करा, पण हे अजिबात करू नका. मी सात वर्षांपूर्वी माझं प्रेस शॉप विकलं. बोलणी चालू असतानाच बातमी फुटली. पंधरा दिवसांत दोन जुने ऑपरेटर शेजारच्या शेडमध्ये गेले आणि मोठ्या गिऱ्हाइकाने आमचे निम्मे पार्ट दुसऱ्या शॉपकडे बनवून बघायला दिले. खरेदीदाराने लगेच किंमत खाली ओढली. विकायचंय ही गोष्ट सीए, वकील आणि गुप्ततेचा करार केलेला माणूस यांच्यापलीकडे जाऊ देऊ नका. साइट गिऱ्हाइकासाठीच करायची. विकत घेणारा ती गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून वाचत असतो.

ताई, तो काय वाचतो ते सांगतो, कारण मला हे फार उशिरा कळलं. तुमच्या पहिल्या पानावर संदेश बाबांचा, नंबर बाबांचा, मेलही त्यांच्याकडेच जाणार. विकत घेणाऱ्याला त्यातून एकच दिसतं: हा माणूस घरी बसला की धंदाही बसला. मला माझ्या खरेदीदाराने पहिल्या भेटीत विचारलं होतं, "तुम्ही महिनाभर आला नाहीत तर कोटेशन कोण देतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. साइट बदलायच्या आधी हे बदला. कोटेशन, क्वालिटी, डिस्पॅच ही कामं नेमून द्या, त्या माणसांना कंपनीच्या डोमेनचे (साइटच्या नावाचे) मेल द्या आणि मग साइटवर ती माणसं दाखवा. नुसते फोटो टाकून भागणार नाही, फोन खरंच त्यांनी उचलला पाहिजे. या कामाला सहा-आठ महिने लागतात, म्हणून आजच सुरुवात करा.

बाबांचा संदेश मात्र काढून टाकू नका. १९९१ चे दोन लेथ आणि पुढचा प्रवास "आमच्याविषयी"च्या पानावर मानाने ठेवा.

ताळेबंद

मी सीए आहे. साइटवरचं प्रत्येक वाक्य कागदाशी जुळलं पाहिजे. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर शंभर रुपये भरले की कंपनीने दाखल केलेले हिशेब कुणालाही बघता येतात. साइटवर एक उलाढाल आणि तिथे दुसरी असं आढळलं, तर पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास जातो. साइटच्या जुन्या आवृत्त्याही वेबॅक मशीन या जुनी पानं जपणाऱ्या साइटवर सापडतात, त्यामुळे कालपर्यंत २० माणसं आणि आज अचानक १०० असलं काही करू नये.

आयएसओचं ते सर्टिफिकेट आजच काढा. २०१५ ची आवृत्ती आल्यावर जुन्या सर्टिफिकेटांना तीन वर्षं मिळाली होती, ती मुदत सप्टेंबर २०१८ मध्येच संपली. नूतनीकरण झालं असेल तर चालू सर्टिफिकेट लावा. झालं नसेल तर आधी ते करून घ्या.

"स्वतःची जागा" असं लिहिलं असेल तर तेही बदला. एमआयडीसीचा प्लॉट साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो आणि हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. शेअर विकायचे की धंदा उचलून द्यायचा, यावरही बरंच अवलंबून आहे. ते तुमच्या सीएंसोबत बसून ठरवा. गिऱ्हाइकांचे लोगो लेखी परवानगीशिवाय लावू नका, आणि त्यांची ड्रॉइंग फोटोत टेबलावरसुद्धा दिसता कामा नयेत.

जाळं_विणणारी

मी लहान उद्योगांच्या साइट करते. अडीच लाख नकोत. सहा-सात पानांची स्वच्छ साइट याच्या बऱ्याच कमी पैशांत होते. उरलेले पैसे चांगल्या फोटोग्राफरला द्या.

पहिला प्रश्न: डोमेन कुणाच्या नावावर आहे? साइट करणाऱ्या पोराने स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं आणि तो आता बंगळुरूला असतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. सौद्यात ते कंपनीच्या मालमत्तेत धरायचं तर कंपनीच्याच नावावर आणि कंपनीच्याच ईमेलवर हवं. दुसरं, पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस आहे का बघा. नसेल तर क्रोम २०१८ पासून "सुरक्षित नाही" असा शिक्का दाखवतो, आणि परक्या माणसाला तोच आधी दिसतो.

मजकुरात "अत्याधुनिक यंत्रसामग्री", "दर्जाशी तडजोड नाही" हे कुणी वाचत नाही. मशीनची यादी द्या: मेक, वर्ष, टेबलचा आकार, किती वजनाचा जॉब बसतो, कुठला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) रोज धरता. सीएमएम (पार्टची मापं तपासणारं मशीन) असेल तर तिची रेंज. तुमचं काम शोधणारा माणूस "व्हॉल्व्ह बॉडी मशीनिंग, कोल्हापूर" असंच टाइप करतो, म्हणून प्रत्येक प्रकारच्या कामाला वेगळं पान द्या. एखाद्या पार्टची गोष्टही लिहा: कास्टिंगला काय अडचण होती, फिक्श्चर (पार्ट मशीनवर पकडून ठेवणारी जोडणी) कसं बदललं, रिजेक्शन किती खाली आलं. गिऱ्हाइकाचं नाव नको.

चौकशीचा फॉर्म विक्रीच्या सामाईक मेलवर जाऊ दे आणि प्रत्येक चौकशीची नोंद ठेवा: कुठून आली, कोटेशन गेलं का, ऑर्डर मिळाली का. वर्षभराची अशी वही समोर ठेवली की ओळखीबाहेरूनही काम येतं हे विकत घेणाऱ्याला दिसतं.

सांगलीकर७४

बाहेरचा माणूस पुराचं विचारणारच. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक अडकली होती, २०२१ लाही. तुमच्या शेडमध्ये पाणी आलं होतं का? नसेल आलं तर स्पष्ट लिहा, आणि रस्ता बंद असताना माल कसा पोचवला तेही.

शिरोलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. @सांगलीकर७४, शेडमध्ये दोन्ही वेळा पाणी आलं नाही. २०१९ ला गाड्या अडकल्या होत्या, तेव्हा बाबांनी गिऱ्हाइकांना रोज संध्याकाळी फोन करून स्थिती सांगितली होती. तेवढंच लिहीन.

@जाळं_विणणारी, डोमेन बघितलं. आमच्या एका नातेवाइकाच्या नावावर निघालं. काल बोलले, देतो म्हणाला. जुनं सर्टिफिकेट आज काढलं, चालू सर्टिफिकेट बाबांच्या कपाटात होतं.

@माजी_कारखानदार, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते. मग क्वालिटी बघणाऱ्या काकांना बोलावून म्हणाले, "सोमवारपासून कोटेशन तुम्ही काढायचं, मी फक्त बघीन." काका २२ वर्षं आमच्याकडे आहेत. शनिवारी फोटोग्राफर येतोय. मशीनची यादी बाबा स्वतः लिहून देताहेत, वर्षांसकट.