घोट्याचं हाड मोडलंय: ऑपरेशन की प्लास्टर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई (वय ६४, मधुमेह, गोळ्या चालू) चिपळूणला मागच्या दारच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. मुरगळलाय म्हणून रात्रभर आंबेहळदीचा लेप लावून बसली. सकाळी पाय टेकवेना, तेव्हा एक्स-रे काढला. उजव्या पायाचा बाहेरचा घोटा मोडलाय. रिपोर्टात 'लॅटरल मॅलिओलस, वेबर बी, हाड सरकलेलं नाही' असं आहे. सध्या गुडघ्याखाली स्लॅब (अर्धं प्लास्टर) आहे, पाय उशांवर.

पेच असा की तिथले डॉक्टर म्हणतात, सूज उतरली की प्लेट-स्क्रू टाकू. पुण्यातल्या डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर फिल्म पाहून प्लास्टरने जुळेल असं सांगितलं, पण आधी 'स्ट्रेस एक्स-रे' काढून आणा म्हणाले. तो कशासाठी, हे विचारेपर्यंत फोन ठेवला होता. त्यात काकांचं तिसरंच: हाडवैद्याकडे न्या, पट्टी बांधून तीन आठवड्यांत चालायला लावतो.

मी वाचलं त्यावरून, घोट्याच्या सांध्याच्या पातळीखाली मोडलं तर वेबर ए, पातळीवर बी, वर सी. ए बहुतेकदा प्लास्टरवर भागतं, सीला बहुतेकदा ऑपरेशन लागतं. आई नेमकी मधल्यात अडकलीय.

हाड सरकलेलं नसताना प्लेट का? साखरेमुळे जखम चिघळेल का? आणि एका पायावर लंगडी घालणं तिला शक्य नाही, तर घरात वावरायचं कसं? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, पण फिल्म पाहिलेली नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

प्रश्न हाडाच्या चिरेचा कमी, सांध्याचा जास्त आहे. घोटा म्हणजे तीन बाजूंनी हाडांनी धरलेला खोबणा, त्यात टॅलस हे हाड बसतं. बाहेरचं हाड मोडलं तरी आतल्या बाजूचा लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) शाबूत असेल तर टॅलस जागचा हलत नाही. मग प्लास्टर किंवा घोटा धरून ठेवणारा बूट पुरतो. लिगामेंट फाटला असेल तर साध्या फिल्ममध्ये सगळं जागेवर दिसतं आणि भार आला की टॅलस बाहेर सरकतो. स्ट्रेस एक्स-रे त्यासाठीच. दुखऱ्या कुशीवर झोपवून पाऊल टेबलाच्या कडेबाहेर लोंबतं ठेवतात आणि आतल्या बाजूची फट मोजतात. ती साधारण चार मिलिमीटरच्या वर गेली की शंका घ्यायची. काही ठिकाणी वेदना कमी झाल्यावर उभं करूनही काढतात.

एक मिलिमीटरने काय होतंय, असं लोक विचारतात. १९७६ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात टॅलस एवढाच सरकवल्यावर सांध्याचा स्पर्श ४२ टक्क्यांनी घटला होता. पुढे सांधा झिजतो तो असा.

मधुमेहात ऑपरेशनची जखम बिघडण्याची भीती जास्त, हे खरं. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची रक्ततपासणी) करून घ्या, तळव्याची संवेदना तपासून घ्या. संवेदना कमी असेल तर प्लास्टरमध्ये जखम झालेलीही कळत नाही आणि भार द्यायलाही उशीर करावा लागतो. प्लास्टर ठरलं तरी आठवड्याभराने पुन्हा एक्स-रे हवाच. बोटं बधिर, निळसर पडली किंवा पाय वर ठेवूनही दुखणं वाढतच गेलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. पोटरी सुजून दुखली, धाप लागली, तरी तसंच.

हाडवैद्याकडे नको. चोळण्या-ओढण्याने जागेवर असलेलं हाडही सरकतं.

प्रतिसाद २

सासूबाईंचं असंच झालं होतं, प्लास्टरवर निभावलं. कुबड्या त्या वयात जमत नाहीत, वॉकर घ्या. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्ची आजच आणा. हाडापेक्षा जास्त हाल तिथे होतात. मिश्री लावत असतील तर बंद करा, तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो. प्लास्टर निघाल्यावर लगेच चालता येईल असं मात्र त्यांना सांगू नका. घोटा लाकडासारखा झालेला असतो आणि संध्याकाळची सूज काही महिने राहते. फिजिओ चुकवू नका.

धागाकर्ती

दोघांचे आभार. स्ट्रेस एक्स-रे चिपळुणातच होतोय, उद्या ताई घेऊन जातेय. मिश्रीचं बरोबर ओळखलंत, डबी ताईने लपवलीय आणि त्यावरून घरात वेगळंच महाभारत चालू आहे. कमोड खुर्ची चिपळूणला भाड्याने कुठे मिळते, कुणाला माहीत आहे का?