दवाच्या थेंबातलं फूल धूसर येतंय, फोकस नेमका कुठे धरायचा?

पाणवठा:
हरळीच्या टोकावरच्या थेंबात मागच्या झेंडूचं उलटं चित्र दिसतं, ते टिपायचंय. एपीएस-सी (लहान सेन्सरची) बॉडी, १८-५५ किट लेन्स ५५ वर, मागे २१ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (जवळून फोकस व्हावा म्हणून लेन्समागे लावायची पोकळ नळी). एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), १/१२५, आयएसओ ४००, ऑटोफोकस. थेंबाची कड लख्ख येते, आतलं फूल मात्र विरघळल्यासारखं. एफ/२२ केलं तर सगळंच मऊ पडतं. चूक कुठे होतेय?

भिंगवाला:
फूल थेंबात दिसत असलं तरी त्याची प्रतिमा थेंबात पडत नाही. पाण्याच्या गोल थेंबाचं नाभीय अंतर (मध्यापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं) त्रिज्येच्या साधारण दुप्पट असतं. म्हणजे २ मिमी व्यासाच्या थेंबात प्रतिमा मध्यापासून २ मिमीवर, थेंबाच्या बाहेर कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होते. कड असते मध्याच्या पातळीत. या दोघांत २ मिमीचं अंतर, आणि अर्ध्या मॅग्निफिकेशनला (सेन्सरवर वस्तू निम्म्या आकाराची उमटते तेव्हा) एफ/५.६ वर तुम्हाला फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, मिळते जेमतेम १.३ मिमी. ऑटोफोकस कड पकडतो नि फूल सुटतं.

एफ/११ ठेवा, खोली २.६ मिमीपर्यंत जाते. लेन्स मॅन्युअलवर टाका, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) १० पट मोठा करून आधी फूल स्पष्ट करा, मग कॅमेरा केसभर, साधारण १ मिमी, पुढे सरकवा. फोकस थेंबाच्या पुढच्या पृष्ठभागावर येतो आणि कड व फूल दोन्ही आवाक्यात बसतात. लटकता थेंब अगदी गोल नसतो, म्हणून दोन-चार फ्रेम पुढेमागे घ्याच.

एफ/२२ नको. अर्ध्या मॅग्निफिकेशनला ते प्रत्यक्षात एफ/३३ सारखं वागतं, आणि विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) सगळा तपशील मऊ होतो.

रानगवत:
वरचं अगदी बरोबर. भर घालतो. ५ सेंमीचा झेंडू थेंबामागे ६ सेंमीवर धरला तर थेंब जवळजवळ भरतो. १५ सेंमीवर नेलात तर फूल थेंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच उरतं. देठासकट सरळ दिसायला हवं असेल तर फूल उलटं टांगा.

पातं हलणं हा दुसरा शत्रू. जमिनीत काडी रोवून तिला कपड्यांचा चिमटा बांधा आणि पातं थेंबाच्या ३-४ सेंमी मागे अलगद धरा. तरीही १/२५० च्या खाली जाऊ नका. आयएसओ १६०० पर्यंत वाढला तरी चालेल, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही. उजेड फुलावर हवा, थेंबावर नव्हे. पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा फुलाकडे तोंड करून ठेवा.

आणि पात्याच्या अगदी टोकावरचा टपोरा थेंब बहुतेकदा दव नसतोच. रात्री मुळांच्या दाबाने पात्यातूनच पाणी बाहेर येतं, तो बिंदुस्राव. म्हणून आदल्या संध्याकाळी गवताला भरपूर पाणी द्या, पहाटे थेंब मोठे मिळतात.

पाणवठा:
आता कळलं! ग्लिसरीन घालून थेंब केला तर? आणि उजेड कमी पडला तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश?

भिंगवाला:
ग्लिसरीनचा थेंब लवकर सुकत नाही, शिवाय त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची ताकद) जास्त असल्याने प्रतिमा थेंबाच्या जवळ येते, खोलीची ओढाताण कमी होते. पण ते घरात, तोडलेल्या पात्यावर. रानातल्या झाडांवर शिंपडू नका, त्या पानांवर मुंग्या आणि किडे वावरत असतात.

पॉप-अप फ्लॅशने थेंबावर टोकदार पांढरा ठिपका उमटतो, तोही नेमका फुलावर. शिवाय इतक्या जवळून लेन्सची सावली पडते. वेगळा फ्लॅश असेल तर तो बाजूने फक्त फुलाकडे वळवा आणि पुढे ट्रेसिंग पेपर लावा.