रविवारचं मटण बंद करून बाबांच्या गोळ्या कमी होणार हायत का?

रंकाळ्याकडंचा: परवा बाबांचा गोळ्यांचा डबा भरत होतो. शुगरच्या दोन, बीपीची एक, कोलेस्टेरॉलची एक, बिल २,१४० रुपये, तपासण्या वेगळ्याच. आई म्हणते तांबडा-पांढरा बंद. अरे पण मटण रविवारी एकदाच, बाकी सहा दिवस काय चाललंय ते कोण बघतंय, सकाळी चहात खारी, दहाला मिसळ न् ब्रेडच्या सहा स्लाइस, दुपारी भाताचा ढीग, संध्याकाळी फरसाण, भाकरी आठवड्यातनं एकदा आणि फळ कुणी आजारी पडलं तरच. २०१९ साली लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात जगभरचा हिशोब आलेला, २०१७ मधले सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू आहाराशी जोडलेले, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मृत्यूंमागं तीन गोष्टी: मीठ जास्त, अख्खं धान्य कमी, फळं कमी. तांबडं मांस, म्हणजे रेड मीट, ज्यात आपलं मटण येतं, ते त्या यादीत पार खाली. म्हणून म्हणतो, रश्श्याला शिव्या देऊ नका, आठवड्याचं ताट बघा.

तालमीतला: भावा, माझा आजा ८८ व्या वर्षी गेला. रोज गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं दूध, मटण तर विचारूच नकोस. शुगर नाय, बीपी नाय. मेहनत होती ओ अंगात. तुझे बाबा दिवसभर गल्ल्यावर बसून, आणि दोष ब्रेडला?

रंकाळ्याकडंचा: मेहनतीचं मान्य. पण आजा जोंधळ्याची भाकरी खायचा का?

तालमीतला: खायचा की. तीन. 😅

उद्यमनगर फिटर: फळं खा म्हणायला काय जातंय. सेकंड शिफ्टला गेटबाहेर वडापाव मिळतो, पेरू नाही. रेशनला गहू-तांदूळ येतो, डाळिंब येत नाही. आणि फुले योजनेत ऑपरेशन बसतंय, महिन्याच्या गोळ्या खिशातनंच. ज्याला परवडत नाही त्यालाच वर आणि ताट सुधार म्हणायचं, हे काय बरोबर नाही.

रंकाळ्याकडंचा: हे मात्र पटलं. पण ब्रेडच्या जागी भाकरी महाग पडत नाही, थापायला वेळ लागतो, आणि आमच्यात तो आईचाच जातो हे पण खरं.

आकडेमोड: खर्चाचं गणित एवढं सरळ नाही. नेदरलँड्समध्ये २००८ साली लठ्ठ, सिगरेट ओढणारे आणि निरोगी अशांचा आयुष्यभराचा दवाखान्याचा खर्च मांडलेला, सगळ्यात जास्त निरोगी लोकांचा निघाला, कारण ते जास्त जगतात न् म्हातारपणीचे आजार काढतात. वर चांगलं खाणारे बहुतेक चांगलं कमावणारे पण असतात, मग गुण ताटाचा का पगाराचा?

रंकाळ्याकडंचा: सरकारचा एकूण खर्च वाढला तर वाढू दे की, माणूस जगला ना! माझा प्रश्न घरचा हाय, बाबांच्या गोळ्या ५२ ला चालू झाल्या, ७५ ला झाल्या असत्या तर तेवीस वर्षांची बिलं वाचली असती. आणि मिठाचं बघा, आमच्यात किलोचा पुडा चौघांत २० दिवसांत संपतोय, म्हणजे माणशी रोज साडेबारा ग्रॅम, डब्ल्यूएचओ म्हणतंय ५ च्या आत. ह्यात पगाराचा काय संबंध?

आकडेमोड: पुड्यातलं सगळं पोटात जातंय होय? लोणच्याचं धर, कोथमीर-मेथी मिठाच्या पाण्यात धुता त्याचं धर, मग सांग.

रंकाळ्याकडंचा: आईला विचारून सांगतो.