दक्षिण सुदानमध्ये आपल्या जवानांनी का मरायचं?

देवळालीकर
आमच्या गल्लीतल्या एका जवानाची संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत निवड झालीय, दक्षिण सुदानला. आईच्या डोळ्याचं पाणी खळत नाही. माझं मत स्पष्ट आहे, आपली माणसं परत आणा. एप्रिल 2013 मध्ये तिथल्या जोंगलेई प्रांतात आपले पाच जवान मारले गेले, त्याच डिसेंबरात अकोबोच्या तळावर आणखी दोन. त्या डिसेंबरात पेटलेलं भांडण तिथले राष्ट्राध्यक्ष कीर आणि पदावरून काढलेले उपाध्यक्ष माचार या दोन पुढाऱ्यांचं. त्यात आपली पोरं का?

गोदाकाठ
दादा, त्या माउलीची काळजी कळते. पण अकोबोच्या तळात त्या दिवशी कोण लपलं होतं तेही सांगा ना. जीव मुठीत धरून आलेले डिंका जमातीचे लोक! हल्लेखोर त्यांच्यासाठीच आले होते. त्याच महिन्यात राजधानी जुबा, बोर, मलाकालच्या शांतिसेनेच्या तळांनी फाटकं उघडली. पुढे अशा छावण्यांत 2,00,000 च्या वर माणसं राहिली. चिखलात, ताडपत्रीखाली, पण जिवंत.

पंचवटीकर
सगळी जिवंत नाही राहिली. फेब्रुवारी 2016 मध्ये मलाकालच्या छावणीत हल्लेखोर घुसले, तंबू जाळले, माणसं मारली. जुलैत जुबातल्या एका हॉटेलात मदत कर्मचारी महिलांवर अत्याचार झाले. हाका मारूनही जवळच्या तळावरून कुणी गेलं नाही. चौकशीनंतर तिथल्या शांतिसेनेच्या लष्करी प्रमुखाला काढलं. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात 1995 मध्ये शांतिसेना असतानाच कत्तल झाली, तरी तेच. निळं शिरस्त्राण घालून नुसतं बघत राहायचं असेल, तर लोकांना आसरा देतो म्हणूच नये.

गोदाकाठ
हे खरं आहे आणि त्याचा मलाही संताप येतो. पण म्हणून काढून घ्यायचं? रवांडात 1994 मध्ये कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने फौज 270 वर आणली. पुढे काय झालं ते जगाने पाहिलं.

मार्केटयार्ड
धान्याच्या धंद्यातला आहे, म्हणून एक सांगतो. तिकडे पावसाळ्यात रस्ते बुडतात, मग जागतिक अन्न कार्यक्रम विमानातून पोती टाकतो. पोत्यात पोतं, त्यात पोतं. बाहेरचं फाटलं तरी आतलं टिकावं म्हणून. ट्रकपेक्षा कितीतरी महाग पडतं. रस्ता राखायला कुणी नसेल तर ट्रक लुटले जातात. आपल्या तुकडीचे पशुवैद्य मलाकालला गुरांवर उपचार करतात, ज्यांची सगळी पुंजी गुरंच, त्यांना त्याचं मोल विचारा.

देवळालीकर
गुरांचे डॉक्टर जाऊ देत, धान्यही जाऊ दे, माझी ना नाही. बंदूकवाला पाठवायचा तर गोळी कधी चालवायची हे सुरक्षा परिषदेने आधी ठरवावं, आणि तिथे नकाराधिकार असलेल्या पाच देशांनी आपलेही जवान पुढे उभे करावेत. तोवर माझा विरोध कायम.